पीएचडीला गाईड निवडताना या चुका टाळा

नेटचा, म्हणजे पीएचडी प्रवेशाला चालणाऱ्या यूजीसीच्या परीक्षेचा, निकाल लागला की मला फोन सुरू होतात, "दादा, कोणाकडे जागा खाली आहे?" विषय काय म्हटलं की, "ते पाहू ना नंतर." इथंच गाडी रुळावरून घसरते. घाई मला समजते, जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) नसेल तर प्रवेशासाठी नेटचे गुण एकच वर्ष चालतात, आणि प्रोफेसरकडे 8, असोसिएटकडे 6, असिस्टंटकडे 4 एवढेच विद्यार्थी राहू शकतात. पण जागेचा प्रश्न शेवटी विचारायचा असतो बावा, पहिले नाही.

माझ्या बॅचची एक मैत्रीण, एमएस्सी केमिस्ट्री, यवतमाळ जिल्ह्यातली. गावच्या हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड, अर्ध्या पोरांच्या दातांवर तपकिरी डाग, तिला त्याच्यावरच काम करायचं होतं. पाण्यावर काम करणारी माणसं नागपुरात आहेत, नीरी ही पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था तर 1958 पासून इथंच आहे. पण हिनं काय केलं, रूमपासून दहा मिनिटांवरचं कॉलेज अन तिथं जागा खाली, म्हणून पॉलिमरवाले सर घेतले. लॅबमध्ये फ्लोराइड मोजायचा इलेक्ट्रोडच नव्हता, दर वेळी नमुने बाहेर द्यायचे, पैसे स्वतःच्या खिशातून. दुसऱ्या वर्षी सर म्हणाले, पॉलिमरच घे. गावाचं नाव अन तारीख लिहिलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या तिच्या पलंगाखाली कितीतरी दिवस तशाच पडून होत्या, मी पाहिल्यात. सर भला माणूस होता, त्रास कधी दिला नाही, पण फ्लोराइड त्यांचा विषयच नव्हता तर ते शिकवणार काय! तिनं सगळं पहिल्यापासून सुरू केलं, आणि तो विषय तिच्या हातून गेला तो गेलाच. मला अजूनही वाईट वाटतं, कारण तेव्हा "जागा मिळतेय तर घे" असं म्हणणाऱ्यांत मीही होतो.

म्हणून आता माझी एक सवय आहे. शोधगंगा या वेबसाइटवर जायचं, तिथं देशभरातले पीएचडीचे प्रबंध मिळतात, त्या गाईडच्या शेवटच्या तीन-चार विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडायचे आणि आधी ऋणनिर्देश वाचायचा. सगळे जण प्रयोग शिकवल्याबद्दल कुठल्या तरी सिनियरचे आभार मानतात अन सरांना एक ठरलेली ओळ, तर समजून घ्या काम कोण करून घेतं. मग संदर्भयादी पाहायची, त्यातले दहा पेपर वाचावेसे वाटले नाहीत तर पाच वर्षं त्या विषयात कशी काढणार? आणि मग त्यांच्या आताच्या विद्यार्थ्यासोबत टपरीवर चहा घ्यायचा, व्हॉट्सॲपवर कोणी खरं सांगत नाही. मी एकच विचारतो, चॅप्टर दिला की किती दिवसांनी परत येतो? उत्तर देण्याआधी तो जरा थांबला की मला कळून जातं.

दुसरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे विकत घेतलेला सिनॉप्सिस, म्हणजे प्रवेशाच्या वेळी द्यायचा संशोधनाचा आराखडा. पैसे दिले की विषय, उद्दिष्टं, गृहीतकं सगळं तयार मिळतं, अन मुलाखतीत "हाच जिल्हा काहून निवडला?" विचारलं की पोट्टे खाली पाहतात. काही सिनॉप्सिसमध्ये तर जिल्ह्याचं नाव तेवढं बदललेलं असतं. दोन पानं लिहा, मोडकीतोडकी लिहा, पण स्वतः लिहा. ज्याला दोन पानांचा कंटाळा येतो त्यानं दोनशे पानांच्या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गाईडच्या निवृत्तीला किती वर्षं आहेत ते विचारायला लाजू नका, तीनपेक्षा कमी असतील तर नियमानुसार ते नवीन विद्यार्थी घेऊच शकत नाहीत.

सगळ्या गाईडना एकच मेल पाठवू नका.

जेआरएफ नसेल तर महाज्योती, बार्टी, सारथी या राज्य सरकारच्या संस्थांपैकी तुमच्या प्रवर्गाला लागू होणाऱ्या संस्थेच्या फेलोशिपच्या अटी नोंदणीच्या आधी वाचा, नोंदणी झाल्यावर नाही. घरचं भाडं त्याच्यावर अवलंबून असतं.

मागच्या वर्षी एका पोरीनं माझं ऐकून तीन प्रबंध वाचले, आणि मिळालेली जागा सोडली. घरचे चिडले, मलाही फोनवर दोन शब्द ऐकावे लागले. आता ती मातीवर काम करते, तिच्या विषयाच्या गाईडकडे, आणि परवा रात्री अकराला फोन करून वीस मिनिटं फक्त नमुन्यांबद्दलच बोलत होती.