आमच्या मनी मांजरीला ताप आला आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, अर्धी पॅरासिटामॉल दे

नशीब मी दिली नाही, कारण मांजराचं लिव्हर ती गोळी पचवूच शकत नाही, अर्ध्या गोळीनेही जीव जाऊ शकतो. तेव्हापासून व्हॉट्सॲपवरचे घरगुती उपाय बंद.

आता काही खटकलं की आधी एमएसडी व्हेटरनरी मॅन्युअल ही प्राण्यांच्या आजारांची वेबसाइट उघडते, फुकट आहे, त्यात पाळणाऱ्यांसाठी सोप्या इंग्रजीतला वेगळा भाग आहे. इंग्रजी जमत नसेल तर भाषांतर करून वाचा, पण औषधाचा डोस मात्र तिथून बघून स्वतः ठरवू नका. आणि जी साइट आजार सांगता सांगता खालीच पावडर विकते ती सरळ बंद करायची.

डॉक्टर निवडताना डिग्री बघा, बीव्हीएससी अँड एएच लिहिलेलं पाहिजे, आणि महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचा रजिस्ट्रेशन नंबर विचारा, विचारायला लाजायचं काय त्यात! नाशिकमध्ये गंगापूर रोड, इंदिरानगर, कुठलाही दवाखाना असो, रात्री इमर्जन्सीला कोण बसतं हे आजच विचारून ठेवा. आम्ही रात्री दीडला पंचवटीतून सिडकोपर्यंत फिरलो होतो, मनी टोपलीत, सगळीकडे शटर खाली. सरकारी पशुवैद्यकीय दवाखानाही आहे, आणि 1962 हा जनावरांच्या उपचारासाठीचा टोल फ्री नंबर सेव्ह करा.

फोन करायच्या आधी वजन, शेवटचं कधी खाल्लं, उलटी किती वेळा, लसीचं कार्ड हे हाताशी ठेवा. हिरड्यांचा फोटो काढा, पांढऱ्या किंवा निळसर दिसल्या तर वाचत बसू नका, रिक्षा बोलवा.