आधी पाणी, मग रोप: कीटकभक्षी वनस्पती आणण्यापूर्वीची तयारी

घटपर्णी (पानाच्या टोकाच्या घटात किडे पकडणारी) किंवा व्हीनस फ्लायट्रॅप (पान मिटून किडा पकडणारं) घ्यायचं मनात आलं की रोप दोन-तीन दिवसांत कुरिअरने दारात येतं, आणि मग ते कशात लावायचं, त्याला काय घालायचं, याची शोधाशोध सुरू होते. ऐरोलीत आमच्या घरी पहिलं फ्लायट्रॅप असंच आलं होतं. लाल माती, मूठभर शेणखत, रोज नळाचं पाणी, तुळशीला देतो ते सगळं त्याला दिलं. महिन्याभरात ते काळं पडलं. त्याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून आता कोणी विचारलं की मी सांगते, रोप सगळ्यात शेवटी घ्या.

ही झाडं मुळात नत्र जवळजवळ नसलेल्या पाणथळ जमिनीतली. जमिनीतून मिळत नाही ते किड्यांतून मिळवायचं, म्हणून त्यांच्या पानांचे सापळे झाले. मुळांना क्षार सोसत नाहीत. आपण बागेत जे जे मायेने घालतो, तेच यांच्या मुळांना जाळतं.

तेव्हा पहिली खरेदी टीडीएस मीटरची, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राची. काही शे रुपयांत मिळतो आणि या छंदातलं त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. पाण्याचा टीडीएस ५० पीपीएमच्या आत हवा. काही जाती १०० पर्यंत चालवून घेतात, पण त्या भरवशावर सुरुवात करू नका. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी येतं, ते पुष्कळांच्या घरी बरं निघतं, तरी सोसायटीच्या टाकीत काय मिसळतं ते आपल्या नळाखाली मीटर धरल्यावरच कळतं. टँकर येत असेल तर ते पाणी सरळ वगळा. आरओचं पाणीही मोजूनच घ्या, कारण चवीसाठी त्यात क्षार ठेवलेले किंवा परत घातलेले असतात. आणि आरओमधून बाहेर टाकलेलं पाणी, जे आपण बादलीत साठवून बाकीच्या कुंड्यांना देतो, ते यांच्या जवळसुद्धा आणायचं नाही. सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात.

पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम, आणि त्या बाबतीत ठाणे-नवी मुंबईकर नशीबवान. पहिल्या दोन-तीन सरी जाऊ द्या, ग्रिलवरची धूळ धुऊन निघू दे. मग स्वच्छ टब लावून पाणी धरा आणि फडक्यातून गाळून २० लिटरच्या झाकणाच्या कॅनमध्ये भरा. चार-पाच लहान कुंड्या असतील तर असे पाच कॅन मला मे महिन्यापर्यंत पुरतात. एसीच्या नळीचं पाणीही चालतं, त्याचा टीडीएस कमी असतो. फक्त सर्व्हिसिंगनंतरचे काही दिवस ते घेऊ नका, कॉइल धुवायच्या रसायनाचा अंश त्यात उतरतो.

मिश्रण सोपं आहे. ड्रॉसेरासाठी (पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरणारं छोटं झाड) स्फॅग्नम पीट (स्फॅग्नम शेवाळ कुजून झालेला भुसा) आणि पर्लाइट (पांढरे, हलके खडे) साधारण निम्मं-निम्मं; घटपर्णीसाठी लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस, म्हणजे तेच शेवाळ वाळवलेलं, आणि पर्लाइट, म्हणजे मुळांना हवा मिळते. पाकिटावर ‘खतयुक्त’ लिहिलेलं दिसलं तर ठेवून द्या. नर्सरीवाले पीट मागितलं की कोकोपीट देतात. ते वेगळं, नारळाच्या काथ्याचं. त्यात मीठ असतं, वापरायचंच झालं तर चांगल्या पाण्यात अनेकदा धुऊन, निथळलेल्या पाण्याचा टीडीएस उतरला की मगच. कुंडी प्लास्टिकची हवी, मातीच्या कुंडीतून क्षार झिरपतात.

जागा आधी दोन-चार दिवस नुसती बघा. ऊन कुठे, किती वाजता, किती वेळ येतं ते लिहून ठेवा. ड्रॉसेराला रोज चार-पाच तास थेट ऊन हवं, नाहीतर पानांवरचा चिकट थेंब आणि लाली दोन्ही जातात. घटपर्णीला सकाळचं कोवळं ऊन आणि नंतर गाळलेला उजेड पुरतो. खिडकीत ऊनच नसेल तर पांढरा एलईडी आणि १२ ते १४ तासांचा टायमर. दमटपणाची आपल्याकडे चिंता नसते, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडून कोरडे वारे सुटतात तेव्हा वरच्या मजल्यांवर घट भराभर वाळतात. त्या दिवसांत कुंडी कोपऱ्यात, इतर झाडांच्या घोळक्यात ठेवा. कबुतरांची जाळी नसेल तर तीही आत्ताच बसवून घ्या. घोडबंदर रोडसारख्या धुळीच्या ठिकाणी पानं पावसाच्या पाण्याने धुवावी लागतात, घट तेवढे जपून.

आता निवड. सगळ्यांना फ्लायट्रॅपच हवं असतं, आणि तेच आपल्या हवेला सगळ्यात कमी मानवतं. ते अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनाचं. हिवाळ्यात तीन-चार महिने त्याला थंड झोप लागते, रात्री दहा अंशांच्या खाली. ठाण्यात जानेवारीतही तशी थंडी नसते. झोप न मिळालेलं रोप वर्ष-दोन वर्षांत थकून जातं. सारासेनियाचंही (अमेरिकेतली उभ्या नळीसारख्या पानांची कीटकभक्षी) तेच. पहिलं रोप म्हणून नेपेंथिस व्हेंट्राटा घ्या (नेपेंथिस हे घटपर्णीचं शास्त्रीय नाव), फिलिपिन्सच्या दोन जातींचा हा संकर आपल्या हवेत खरोखर रमतो. सोबत ड्रॉसेरा बर्मानी किंवा स्पॅट्युलाटा. बोर्निओच्या किनाबालू परिसरातली नेपेंथिस राजा कितीही सुंदर असली, तरी तिला थंड रात्री लागतात. आपली मेघालयातली नेपेंथिस खासियाना ही भारतातली एकमेव घटपर्णी, कायद्याने संरक्षित. जंगलातून उपटलेलं रोप कोणी देऊ केलं तर घेऊ नका. कास पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ड्रॉसेराचे दवबिंदू आणि सीतेची आसवं दिसतात (तीही कीटकभक्षीच), ती बघून यायची, उपटून आणायची नाहीत.

विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: रोप टिश्यू कल्चरचं (प्रयोगशाळेत वाढवलेलं) की कटिंगचं (फांदीपासून केलेलं), कुठल्या हवेत वाढवलं, आणि आजचा फोटो. बी घेऊच नका. नेपेंथिसचं बी थोड्याच आठवड्यांत उगवण्याची ताकद घालवतं, आणि निळ्या फ्लायट्रॅपचं बी ही शुद्ध फसवणूक आहे, तसं झाडच नाही. घटपर्णी जुलै-ऑगस्टमध्ये मागवा, दमट हवेत ती लवकर रुजते. ड्रॉसेरा पाऊस ओसरल्यावर, ऊन आलं की. एप्रिल-मेच्या उन्हात कुरिअरच्या गोदामात रोप उकडून निघतं.

डास कमी होतील म्हणून ही झाडं घेणार असाल तर थांबा. घरातल्या डासांवर यांचा काही परिणाम होत नाही, उलट ड्रॉसेराच्या कुंडीखालच्या ट्रेमध्ये बोटभर पाणी कायम लागतं आणि डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो. ट्रे दर चार दिवसांनी रिकामा करून घासून पुन्हा भरायचा, हे ज्याच्याकडे द्याल त्याचं नाव आधी ठरवा, गावाला जातानासुद्धा. घटपर्णीच्या कुंडीखाली पाणी साचू द्यायचं नाही, तिची मुळं सडतात.

घरच्यांनाही बसवून सांगा. चिकन, पनीर, उरलेली पोळी काही घालायचं नाही. चिलटं, मुंग्या आपणहून येतात. फ्लायट्रॅपमध्ये बोट घालायचं नाही, एक सापळा मोजक्याच वेळा मिटतो आणि मग ते पान दमतं.

रोप आलं की खोक्यातून काढून पहिले दहा दिवस सावलीत, भोकं पाडलेल्या पारदर्शक पिशवीखाली ठेवा. जुने घट प्रवासात सांडतात आणि वाळतात, त्याने घाबरू नका. नव्या पानाच्या टोकाला तंतू येतो, त्याचं टोक फुगतं, आणि झाकण उघडण्याआधीच आत पाचक रस तयार असतो. त्यात आपण पाणी ओतायचं नाही.