फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपमधील आवाज आणि बिघाड कसा ओळखावा

टोयोटा हायलक्स, इसुझू व्ही-क्रॉस, बोलेरो कॅम्पर आणि महिंद्रा थार यांच्या फोर-व्हील ड्राइव्ह आवृत्त्यांची रचना मुळात सारखीच आहे. एरवी इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना मिळते आणि चालकाने लिव्हर किंवा बटण फिरवल्यावरच ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) पुढचा प्रोपेलर शाफ्ट (ताकद एक्सलपर्यंत नेणारा दांडा) जोडते. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन शाफ्ट, दोन हाउसिंग (पुढच्या आणि मागच्या एक्सलवरच्या गिअरच्या पेट्या) आणि चार हब एवढे सगळे एकाच चॅसीला बांधलेले असल्यामुळे आवाज चॅसीभर पसरतो आणि मागच्या हाउसिंगमधली घरघर चालकाला थेट आपल्या पायाखालून आल्यासारखी वाटते. म्हणून आवाज कुठून येतो याचा अंदाज बांधण्याआधी तो कशाबरोबर बदलतो हे शोधावे. ही तपासणी न करता हाउसिंग उघडायला परवानगी देऊ नये, कारण एकदा सुटलेली क्राउन-पिनियनची (हाउसिंगमधल्या मोठ्या आणि छोट्या गिअरची) जुळणी पुन्हा तितकीच अचूक बसवणे कुशल हातांचे काम आहे.

सुरुवात मोकळ्या, सपाट रस्त्यावर करावी. शक्य असल्यास गाडी दुसऱ्या कोणाला चालवायला द्यावी आणि आपण केवळ ऐकावे. साधारण ताशी ६० किलोमीटर वेगाला मॅन्युअल गाडीचा क्लच दाबून गिअर न्यूट्रल करावा. इंजिन मात्र बंद करू नये, कारण ते बंद झाल्यास स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतात. घाटउतारावर ही चाचणी करूच नये. इंजिनाचे फेरे उतरताच आवाजही उतरला, तर कारण इंजिन, क्लच किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या भागात आहे. आवाज तसाच राहून गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू कमी झाला, तर तो शाफ्ट, हाउसिंग, चाकांचे बेअरिंग किंवा टायर यांपैकी एकाचा आहे.

यानंतर टायर आणि बेअरिंग वेगळे काढावेत. खडबडीत डांबरावरून गुळगुळीत काँक्रीटवर येताच आवाजाचा पोत बदलला, तर दोष बहुधा टायरच्या नक्षीचा असतो. बेअरिंगची गुणगुण रस्ता बदलला म्हणून बदलत नाही. बेअरिंगसाठी रिकाम्या रस्त्यावर बेताच्या वेगात गाडी हलकेच डावीउजवीकडे झुलवावी. गाडी डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो, त्यामुळे तेव्हा आवाज वाढल्यास संशय उजव्या बाजूच्या बेअरिंगवर घ्यावा.

हाउसिंगचा आवाज ॲक्सिलरेटरवर अवलंबून असतो. पाय दाबला की एक बारीक, वर चढणारी लकेर ऐकू येते आणि पाय काढताच ती थांबते किंवा तिचा सूर बदलतो, असे होत असेल तर क्राउन-पिनियनचे दात किंवा पिनियनचे बेअरिंग झिजले असण्याची शक्यता मोठी आहे. भार असो वा नसो, सतत गुरगुर चालूच राहिली, तर दातांपेक्षा हाउसिंगमधल्या बेअरिंगकडे पाहावे. ४एलमध्ये (चारही चाकांना ताकद देणाऱ्या संथ गिअरमध्ये) मात्र गिअरचा आवाज मोठा येणे स्वाभाविक आहे आणि त्यासाठी घाबरून गॅरेज गाठण्याची गरज नाही.

ठोके मोजणे ही तपासणीतली सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी आहे. पिकअपच्या चाकाचा घेर साधारण २.४ मीटर धरला, तर ताशी १० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला एकापेक्षा थोडे जास्त वेळा फिरते. हाउसिंगचे गुणोत्तर ४च्या आसपास असेल (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चार फेरे), तर त्याच वेळी प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला साडेचार फेरे घेतो. म्हणजे इतक्या संथ वेगात सेकंदागणिक एक ‘टक’ येत असेल, तर दोष चाक, ब्रेक, एक्सल किंवा क्राउनच्या एखाद्या दातात शोधावा. सेकंदाला चार-पाच ठोके येत असतील, तर शाफ्ट, त्याचे क्रॉस (शाफ्टच्या टोकांच्या सांध्यांतले फुलीच्या आकाराचे तुकडे) आणि पिनियन तपासावेत. कोणतेही उपकरण न लागता निम्मी गाडी संशयातून सुटते.

गिअर टाकताना किंवा रिव्हर्समधून पहिल्यात जाताना ‘खट्’ असा एकच ठोका येत असेल, तर क्रॉस पाहावेत. गाडी सपाट जमिनीवर उभी करून चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावावेत, इंजिन बंद करून गिअर न्यूट्रल करावा आणि शाफ्ट हाताने उलटसुलट पिळावा. संपूर्ण शाफ्ट थोडासा फिरणे म्हणजे गिअरच्या दातांमधील नेहमीची फट होय. पण क्रॉसच्या एका बाजूचा योक (क्रॉस धरणारे चिमट्यासारखे टोक) हलतो आणि दुसऱ्या बाजूचा जागेवर राहतो, असे दिसले तर तो क्रॉस गेला आहे. क्रॉसच्या टोप्यांभोवती गंजाच्या रंगाची भुकटी दिसणे म्हणजे आतले सुई-बेअरिंग कोरडे पडल्याची खूण आहे. हळू वेगात येणारी चिमणीसारखी ‘चूं-चूं’ही तेच सांगते.

पूर्ण स्टिअरिंग वळवून ॲक्सिलरेटर दाबताना पुढून ‘कट-कट-कट’ येत असेल, तर सीव्ही जॉइंटचा (वळलेल्या चाकालाही ताकद पोहोचवणाऱ्या सांध्याचा) रबरी बूट फाटला आहे का ते पाहावे. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले की निदान जवळजवळ पूर्ण होते.

आता फोर-व्हील ड्राइव्हकडे वळू. मला वाटते, या यंत्रणेच्या बहुतेक तक्रारींचे मूळ बिघाडात नसून वापरात असते. अशा गाड्यांत पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, नसते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा मार्ग कापतात, पण ४एचमध्ये (चारही चाकांना ताकद देणाऱ्या नेहमीच्या वेगाच्या स्थितीत) दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधलेले असतात. चिखलात, वाळूत चाक किंचित घसरून हा फरक भरून काढते. पक्क्या डांबरी रस्त्यावर ते घसरू शकत नाही, त्यामुळे सगळा ताण शाफ्ट आणि ट्रान्सफर केसमध्ये साठतो. गाडी वळणावर अडखळते, टायर उड्या मारतात आणि लिव्हर ४एचमधून निघतच नाही. पावसाळ्यात कोकणात उतरताना ‘जास्त पकड मिळेल’ म्हणून पक्क्या रस्त्यावर ४एच लावून ठेवणे म्हणूनच टाळावे. लिव्हर अडकली असेल तर ती जोराने ओढू नये. स्टिअरिंग सरळ ठेवून काही मीटर मागे घ्यावे, ताण सुटतो आणि ती सहज निघते.

सरळ रस्त्यावरही असा ताण जाणवत असेल, तर टायर मोजावेत. पुढच्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर आणि मागच्याची ३ मिलिमीटर उरली असेल, तर प्रत्येक फेऱ्यात सुमारे ३१ मिलिमीटरचा फरक पडतो आणि एका किलोमीटरमध्ये तो १३ मीटरच्या आसपास जातो. दोनच टायर बदलून पैसे वाचवणारे मालक हा खर्च पुढे ट्रान्सफर केसवर करतात.

४एच लागतच नसेल, तर आधी साध्या गोष्टी पाहाव्यात: फ्यूज, ट्रान्सफर केसवरच्या स्विचची वायर, पुढच्या एक्सलवरचा जोडणी करणारा ॲक्च्युएटर आणि त्याची व्हॅक्यूम नळी असल्यास तिची चीर. जुन्या जीपमध्ये पुढची चाके एक्सलशी जोडणारे, हातानेच फिरवायचे हब असतात, ते दोन्ही एकाच स्थितीत हवेत. डॅशबोर्डवरचा ४एचचा दिवा लुकलुकत राहणे म्हणजे जोडणी पूर्ण झालेली नाही. ४एलसाठी बहुतेक गाड्यांत पूर्ण थांबून न्यूट्रलमध्ये यावे लागते, हे विसरल्यामुळेही तक्रारी होतात.

जोडणी खरोखर झाली का हे पाहण्यासाठी ४एच लावून काही मीटर कच्च्या जमिनीवर चालवावे, मग इंजिन बंद करून किल्ली काढावी, गिअर टाकून हँडब्रेक ओढावा, चाकांना ओंडके लावावेत आणि पुढचे एकच चाक जॅकवर उचलावे. जोडणी झाली असेल तर ते हाताने फिरणार नाही. सहज फिरले तर पुढचा एक्सल जोडलाच गेलेला नाही. गाडी जॅकवर असताना इंजिन सुरू करू नये, कारण जमिनीवरची चाके फिरून ती जॅकवरून उडी घेऊ शकते. ४एचमध्ये जोर दिल्यावर ‘धाड्-धाड्’ असे झटके येत असतील आणि ट्रान्सफर केस साखळीची असेल, तर साखळी ताणून दातांवरून उडत असल्याचा संशय घ्यावा. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर थोडा वेळ ४एच वापरल्यास ॲक्च्युएटर गंजून बसत नाही.

शेवटी हाउसिंगमधले तेल. भरण्याचा नट आधी सैल करावा आणि मगच सांडण्याचा नट काढावा, कारण भरण्याचा नट निघालाच नाही तर रिकामे हाउसिंग घेऊन बसण्याची वेळ येते. तेल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे. गरम हाउसिंग ओढ्याच्या थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हाउसिंगमध्ये हवा येण्याजाण्याचे छिद्र) तुंबलेला असल्यास सीलमधून पाणी खेचले जाते, म्हणून पाण्यातून गेल्यावर ब्रीदरही साफ करावा. चुंबक असलेल्या सांडण्याच्या नटावर राखाडी लेप असणे नेहमीचे आहे. नखाएवढ्या कपच्या मिळाल्या तर गाडी तिथेच थांबवावी. ती गॅरेजला न्यायची ती चारही चाके उचलणाऱ्या वाहनावरच न्यावी. ४एच अडकलेले असताना दोन चाके जमिनीवर ठेवून ओढल्यास उरलेली यंत्रणाही मोडते.