थर्मोस्टॅटच्या मागचं भोक बुजवा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या ओळखीच्या एका कपड्याच्या दुकानात भर एप्रिलमध्ये गिऱ्हाईक शाल मागायच्या बेतात असायचं. डक्टवाला एसी थांबतच नव्हता. सेटिंग 24, थर्मोस्टॅट (खोलीचं तापमान बघून एसी चालू-बंद करणारी भिंतीवरची डबी) दाखवतोय 27, आणि त्याच्याच शेजारी साधा थर्मामीटर धरला तर 22! मेकॅनिकनं गॅस बघितला, फिल्टर धुतला. फरक शून्य.

शेवटी थर्मोस्टॅटचं झाकण काढलं. वायरीचा पाइप वर फॉल्स सीलिंगच्या पोकळीत उघडाच सोडलेला. तिथं तापलेल्या पत्र्याखालची हवा, आणि तीच पाइपातून उतरून सेन्सरला लागत होती. त्या बिचाऱ्याला खोली तापलीय असंच वाटणार. पाइपाच्या तोंडाशी सिलिकॉन भरलं, पाच मिनिटांचं काम. मात्र आधी मेन स्विच बंद करा; बऱ्याच थर्मोस्टॅटमध्ये थेट 230 व्होल्ट येतात. त्यापेक्षा वायरमनलाच बोलवा.

नवा थर्मोस्टॅट बसवताय? जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, आतल्या भिंतीवर. ऊन, फ्रिज, शोकेसचे दिवे आणि एसीचा झोत यांपासून लांब. इंटिरियरवाला 'दिसायला बरं नाही' म्हणून पडद्यामागे ढकलेल, ऐकू नका.

आणि आपल्याकडच्या जुलैच्या झडीत एसीचा पंखा 'ऑन'वर नको, 'ऑटो'वर ठेवा. 'ऑन'वर कॉम्प्रेसर थांबला तरी पंखा फिरत राहतो, एसीतल्या थंड कॉइलवर जमलेलं पाणी वाफ होऊन पुन्हा खोलीत येतं आणि कापडाला कुबट वास लागतो.