मेंदूतलं रक्त आधी धुवा

गोव्यात साखळीच्या बाजारात आई बांगड्याचं पोट अंगठ्याने दाबून बघते. मऊ लागलं तर भावही विचारत नाही. मासा मेल्यावर त्याचीच एन्झाइमं त्याला आतून खातात, हे तिला कुणी शिकवलेलं नाही. मी बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी करून पीएचडीला लागलो आणि नेमकं हेच विसरलो.

माझं काम मेंदूतल्या पेप्टाइडांवर, म्हणजे प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांवर, त्यातही हिमोग्लोबिनच्या तुकड्यांवर. शाळेत हिमोग्लोबिन म्हणजे ऑक्सिजनची हमाली, विषय संपला. पण १९८६ साली गाईच्या रक्तावर एन्झाइम चालवून हेमॉर्फिनं मिळाली, चार-पाच अमिनो आम्लांचे तुकडे, आणि ती चक्क अफूच्या रिसेप्टरांवर, म्हणजे पेशींवर अफू जिथे चिकटते त्या जागांवर, बसतात. १९९७ मध्ये मेंढीच्या मेंदूतून एलव्हीव्ही-हेमॉर्फिन-७ निघालं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतली दहा अमिनो आम्लं. ते जिथे चिकटतं ती जागा म्हणजे आयआरएपी नावाचं एन्झाइम, हे २००१ मध्ये कळलं. हे वाचून मी वेडा झालो होतो. तुम्हीही व्हाल, व्हाच.

आता माझी फजिती. जूनचा पहिला मोठा पाऊस, शनिवारी संध्याकाळी वीज गेली, जनरेटर चालू झालाच नाही. सोमवारी उणे ८० च्या फ्रीझरवर उणे २ दिसत होतं. उंदरांचे मेंदू हाताला मऊ लागले. कुणाला न सांगता मी तेच चालवले. मास स्पेकमध्ये, म्हणजे तुकडे वजनावरून ओळखणाऱ्या मशीनमध्ये, हिमोग्लोबिनच्या तुकड्यांचा नुसता पूर! दोन दिवसांत पोस्टर तयार. माझ्या गाइड मॅडमनी ते शांतपणे वाचलं आणि विचारलं, "परफ्यूजननंतर लिव्हर कसल्या रंगाची होती?" परफ्यूजन म्हणजे मेंदू काढण्याआधी सलाइन सोडून अंगातलं रक्त धुऊन काढणं; ते नीट झालं तर लिव्हर फिकी पडते.

लाल होती. म्हणजे मेंदूच्या शिरांतही रक्त तसंच होतं, आणि दोन दिवस कॅथेप्सिनसारखी एन्झाइमं त्यावर ताव मारत होती. मी शोध लावला नव्हता, सडणं मोजलं होतं.

म्हणून नवीन आलेल्यांना मी मशीनच्या आधी हे दाखवतो. बेशुद्ध उंदराच्या डाव्या जवनिकेत सुई, उजवी कर्णिका कापायची, थंड सलाइन सोडायचं. मेंदू दिसत नाही, म्हणून नजर लिव्हरवर ठेवा. काळपट लाल जाऊन ती मारी बिस्किटासारखी फिकी पडली पाहिजे. मधेच चट्टे राहिले तर सुई सरकली आहे. मग मेंदू लगेच तापवून एन्झाइमं मारायची, गरम पाण्यात कुटायचा, बर्फात गार करायचा आणि आम्ल त्यानंतरच. हा क्रम कुणी उलटा केला तर मी ओरडतो. कारण ऐका. २००३ मध्ये उंदराच्या मेंदूतून अल्फा साखळीचं हिमोप्रेसिन मिळालं, नऊ अमिनो आम्लांचं, आणि त्याचा बराच बोलबाला झाला. पुढे लक्षात आलं की त्याच्या सुरुवातीला आणखी तीन अमिनो आम्लं असलेलं लांब रूप मेंदूत असतं. तिथला अ‍ॅस्पार्टेट आणि प्रोलीन यांच्यामधला बंध गरम आम्लात तुटतो. म्हणजे ते छोटं रूप बहुधा काढणाऱ्यांच्या हातूनच तयार झालं होतं. मोठमोठ्यांचं असं होतं, मग माझ्या पोस्टरचं काय घेऊन बसलात.

बाकी लहानसहान गोष्टी. प्रथिनं कापणारं ट्रिप्सिन घालू नका, तुकडे आधीच झालेले असतात. सॉफ्टवेअरने तुकडे ओळखायच्या सर्चमध्ये 'नो एन्झाइम' निवडा, रात्रभर चालतं, चालू द्या. प्राण्यांच्या परवानगीचे अर्ज वेळेत टाका, त्या समितीची बैठक चवथीच्या आसपास हमखास पुढे जाते. आणि वीज गेली तर लॉगबुकात लिहा, लाज वाटली तरी.

पुढच्या वर्षी प्रयोग नव्याने केले, सहा उंदीर, सहाही लिव्हरा फिक्या. पूर ओसरला होता. तुकडे बोटांवर मोजण्याइतके उरले. पण मास स्पेकच्या आलेखात ६५४.९ वर (वस्तुमान भागिले प्रभार), जिथे एलव्हीव्ही-हेमॉर्फिन-७ दोन प्रभार घेऊन येतं, तिथे एक बुटकी रेघ सहाही वेळा होती. मी मॅडमना बोलावलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "लिव्हरचे फोटो आहेत ना? ते आधी दाखव."