टिल्डा स्विंटन बघायची कशी

माझ्याकडे वेशभूषा शिकायला येणाऱ्या मुलांना मी ब्रिटिश अभिनेत्री टिल्डा स्विंटन बघायला लावतेच. सुरुवात मात्र तिच्या फॅशनच्या फोटोंपासून करू नका. २००३ साली व्हिक्टर अँड रॉल्फ या फॅशन डिझायनर जोडीने आपल्या शोमधल्या सगळ्या मॉडेल्सना तिच्यासारखं नटवलं, हे खरं. पण तिच्या अंगावर कपडा असा का बसतो, ते सिनेमातच कळतं.

आधी 'मायकल क्लेटन' (२००७) लावा. यासाठी तिला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. कंपनीची बडी वकील. पलंगावर कपडे नीट मांडलेले, आणि ती आरशासमोर मुलाखतीची उत्तरं घोकतेय. दुसरीकडे टॉयलेटमध्ये बसून काखेतला घामाचा डाग बघतेय. हे प्रसंग आवाज बंद करून पुन्हा बघा. कपडे चोख, आतलं माणूस गळाठलेलं.

मग 'ऑर्लँडो' (१९९२). दिग्दर्शन सॅली पॉटरचं, वेशभूषा सँडी पॉवेलची. शतकानुशतकं जगणारा हा सरदार मध्येच बाई होतो. इथे अजिबात घाई नको. दोन्ही बाजूंना पसरलेला घेर सांभाळत ती झाकून ठेवलेल्या फर्निचरमधून वाट काढते, तिथे थांबवा, मागे न्या. पुरुषाच्या वेषात ती पाय कसे टाकत होती आणि आता कसे टाकते? हात कुठे ठेवते? पुढे ती झुडपांच्या भूलभुलैयात शिरते आणि बाहेर पडते ती पुढच्या शतकात, वेगळ्याच कपड्यांत. चाल पुन्हा बदललेली. नाटकात पहिल्यांदा नऊवारी नेसणाऱ्या मुलीला मी म्हणूनच सांगते, बाई गं, तालमीआधी घरी नेसून वावर, जिना चढ, केर काढ. लुगडं अंगवळणी पडलं की मगच संवाद.

आता तिचा ऑस्करचा फोटो काढा, २००८चा. लाँव्हाँ या फ्रेंच फॅशन हाउसचा काळा गाऊन, बाही एकच. बऱ्याच जणांनी नावं ठेवली. मला तो फार आवडतो, कारण ती त्यात कपड्याला शरण गेलेली नाही.

एवढी नजर बसल्यावर दिग्दर्शक डेरेक जार्मनकडे या. १९८६च्या 'काराव्हाज्जो'पासून त्यानेच तिला घडवलं. 'द लास्ट ऑफ इंग्लंड'मध्ये ती लग्नाचा झगा कात्रीने कापत आगीजवळ गरगर फिरते. गोष्ट शोधत बसू नका, कापड कसं फाटतं ते बघा. चित्रण सुपर एट या छोट्या फिल्मवरचं, दाणेदार आहे. मोबाइलवर काही दिसणार नाही, मोठा पडदा गाठा.