ब्रोमेलियाडची खरेदी : या चुका टाळा

हिवाळ्यात इंदुरात झाडांची विक्री भरली की लाल-केशरी तुऱ्यांच्या गुझमानियाभोवती गर्दी होते, आणि सर्वांत मोठी चूकही तिथेच घडते. गुझमानिया हा ब्रोमेलियाडचाच एक प्रकार; अननसाच्या कुळातील या वनस्पतींच्या बहुतेक रोपांना आयुष्यात एकदाच फुलोरा येतो. तो काही महिने टिकतो, मग मूळ रोप हळूहळू वाळत जाते आणि केळीला मुनवे फुटावेत तशी त्याच्या बुंध्याशी पिल्ले येतात. पूर्ण उमललेला तुरा पाहून रोप घेणारे नंतर त्याला वाचवण्यासाठी खत आणि पाणी वाढवत जातात, वास्तविक त्याचे वाळणे स्वाभाविक असते. म्हणून तुरा नुकताच वर येत असलेले रोप निवडावे. तुरा सुकत आलेले, पण बुंध्याशी दोन सशक्त पिल्ले धरलेले रोप विक्रेता कमी किमतीत देत असेल, तर माझ्या मते तीच सर्वांत चांगली खरेदी होय. पिल्लू मूळ रोपाच्या निदान एक तृतीयांश, शक्यतो निम्म्या आकाराचे होईपर्यंत ते वेगळे करू नये.

तुरा नसलेले रोप घेताना सर्वांत आतले पान दोन बोटांत धरून अगदी हलके ओढून पाहावे. ते सहज सुटून आले, त्याचे बूड तपकिरी आणि लिबलिबीत असले किंवा पानांच्या मधोमध तयार होणाऱ्या, पाणी साठणाऱ्या पेल्यातून कुजका वास आला, तर गाभा सडला आहे असे समजून रोप परत ठेवावे. पाने उलटूनही पाहावीत. मागच्या बाजूचे उंचवट्यासारखे तपकिरी ठिपके नखाने खरवडताच निघाले, तर ती खवले कीड असते आणि ती घरातल्या इतर कुंड्यांवरही पसरते.

‘ब्रोमेलिया’ एवढ्याच चिठ्ठीवर समाधान मानू नये, कारण प्रत्येक प्रकाराची उन्हाची गरज वेगळी असते. गुळगुळीत कडांच्या पानांच्या गुझमानियाला गाळीव उजेड हवा, तर निओरेगेलिया या दुसऱ्या प्रकाराच्या पानांचा लालिमा अंधाऱ्या दिवाणखान्यात काही आठवड्यांतच उतरू लागतो. मात्र मे महिन्यात पारा चाळिशीपार गेल्यावर इंदूरच्या गच्चीवरचे दुपारचे ऊन दोघांचीही पाने भाजून काढते, आणि डिसेंबर-जानेवारीतल्या कडाक्याच्या रात्री गुझमानिया घरातच ठेवावा लागतो. शिंपल्यात डिंकाने चिकटवलेला किंवा रंग फासलेला टिलँडसिया (मातीशिवाय वाढणारा ब्रोमेलियाड) घेऊ नये. तो पानांवाटेच पाणी शोषतो.

घरी आणल्यावर माळव्याच्या काळ्या मातीत रोप लावण्याचा मोह टाळावा. ही चिकण माती पाणी धरून ठेवते, आणि यांतील बहुतेक जाती मुळात झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या असल्याने त्यांच्या मुळांना हवा लागते. नारळाच्या सालीचे तुकडे आणि लोणारी कोळसा यांचे मिश्रण लहान कुंडीत पुरते. बोअरच्या जड पाण्याने पानांवर पांढरे डाग पडतात, म्हणून शक्य तेव्हा पावसाचे पाणी साठवून वापरावे. पेल्यातले पाणी दर आठवड्याला ओतून बदलावे, अन्यथा त्यात डासांच्या अळ्या होतात. बुरशी दिसली तरी बोर्डो मिश्रण किंवा कोणतेही ताम्रयुक्त औषध फवारू नये, कारण तांबे या वनस्पतींना विषासमान आहे.